नेत्रशिबिराच्या यादीतली निम्म्याहून अधिक माणसे दवाखान्यात पोहोचलीच नाहीत. गावाने काय करावे?

माळावरची शाळा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव दीड हजार वस्तीचे आहे, जमीन हलकी आणि कोरडवाहू आहे, त्यामुळे दसरा-दिवाळी उरकली की बहुतेक घरांतली धडधाकट माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. मधल्या चार-पाच महिन्यांत गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुले एवढीच काय ती उरतात.

गेल्या पौषात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात नेत्रतपासणी शिबिर झाले. शहरातील एका संस्थेने ते घेतले होते. दिवसभरात दीडशेवर माणसे तपासली गेली, ३४ जणांना मोतीबिंदू असल्याचे सांगून त्यांची नावे लिहून घेतली गेली आणि शस्त्रक्रियेसाठी चौथ्या दिवशी गाडी येईल, असे सांगण्यात आले. गाडी ठरल्याप्रमाणे आली, पण तीत १३ जण बसले, आणि त्यांच्यापैकीही ५ जण शस्त्रक्रिया न होताच संध्याकाळी परत आले. राहिलेल्या २१ जणांची चौकशी नंतर कोणीच केली नाही. यादी संस्थेबरोबर गेली आणि गावात तिची प्रत ठेवावी, हे आम्हा शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आमच्या शाळेशेजारी राहणाऱ्या आजी त्या २१ जणांपैकी एक आहेत. मुलगा-सून तोडीला गेल्यामुळे त्या आणि त्यांचा चौथीतला नातू असे दोघेच घरी असतात. गोधडी शिवावी तर त्यांनीच, असे सारे गाव म्हणते. हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून नातू दर रविवारी दहा-बारा सुयांमध्ये दोरे ओवून त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानात टोचून ठेवायचा आणि आजी आठवडाभर त्यातली एकेक सुई काढून वापरायच्या. माघ लागल्यापासून टाकाच वाकडा पडू लागला, तेव्हा त्यांनी शिवण गुंडाळून ठेवली. ज्वारीतले खडे त्या बोटांनी चाचपून काढतात. सकाळी चूल पेटवताना जाळाचा अंदाज येत नाही म्हणून नातू त्यांच्याजवळ थांबतो आणि शाळेत रोज उशिरा येतो. गाडीत का बसला नाहीत, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, ह्या लेकराला कुणाजवळ टाकून जाऊ? आन् माझा अजून पिकला बी न्हाई म्हणं."

दुसरी गोष्ट एका तिशीतल्या तरुणाची आहे. दोन हंगामांपूर्वी ऊस तोडताना त्याच्या डोळ्याला पात लागली. फडाजवळच्या दुकानातून आणलेले थेंब तो पंधरा दिवस घालत राहिला आणि गावी परतला तेव्हा डोळ्यात पांढरे फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडलेले होते. त्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड कळतो.

माझे विचारणे असे आहे की, शिबिर पुन्हा बोलावण्याआधी गावाने स्वतः काय करावे, म्हणजे यादीतला माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचेल? आणि फडात डोळ्याला लागले तर पहिल्या दिवशी काय केले पाहिजे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नेत्रचिकित्सा अधिकारी (निवृत्त), लातूर

ताई, मी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील ग्रामीण रुग्णालयांत ३१ वर्षे नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम केले. तुमच्या गावात जे घडले ते मी गावोगावी पाहिले आहे. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात झालेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. आसपास शिबिरे होत असूनही, डोळ्यांची तक्रार असलेल्या प्रौढांपैकी जेमतेम ७ टक्के लोकच त्यांत तपासून घ्यायला गेले होते. तेव्हा तुमच्या ३४ जणांच्या यादीत नसलेली माणसे गावात आणखी असणार हे धरून चाला, आणि बहुधा तीच सर्वांत अडलेली असतील, कारण ज्याला खरोखर दिसत नाही तो सभामंडपापर्यंत एकटा येऊ शकत नाही.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून चालू आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले आणि त्यातील ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले होते. मात्र या मोजणीत अंध म्हणजे ज्याला दोन्हींतल्या बऱ्या डोळ्याने, चष्मा असल्यास तो लावूनही, तीन मीटरवरची बोटे मोजता येत नाहीत तो. सुईत दोरा ओवता न येणाऱ्या, जाळाचा अंदाज न येणाऱ्या तुमच्या आजी त्या आकड्यात कदाचित बसणारही नाहीत. गावाने मोजणी करताना ही सरकारी व्याख्या बाजूला ठेवावी आणि ज्याचे रोजचे काम डोळ्यांपायी अडले आहे त्याचे नाव लिहावे.

आता "पिकण्या"विषयी. पूर्वी मोतीबिंदू संपूर्ण भिंगासकट काढत असत आणि जाड काचेचा चष्मा देत असत, तेव्हा तो पुरता पिकेपर्यंत थांबण्याला अर्थ होता. आता छोट्या छेदातून गढूळ भिंग काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसवतात, त्यामुळे कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. उलट फार थांबले तर भिंग फुगते किंवा त्यातला द्रव झिरपतो, डोळ्याचा दाब वाढतो, डोळा लाल होऊन ठणकू लागतो, आणि मग शस्त्रक्रिया करूनही गेलेली नजर पुरती परत येईल याची खात्री देता येत नाही. पिकण्याची वाट पाहत बसलेली आणि शेवटी अशा ठणक्याने रात्री दवाखान्यात आणलेली माणसे मी पाहिली आहेत. हे वाक्य आजींना तुम्ही स्वतः समजावून सांगा. बाईंनी सांगितलेले गाव ऐकते.

तुमच्या प्रश्नातला कळीचा मुद्दा मला पौष महिना वाटतो. थंडीत शिबिर घ्यायचे ही रीत सगळीकडे आहे, कारण उन्हाळ्यात केलेला डोळा बिघडतो, अशी समजूत लोकांत खोल रुजली आहे. शाळेच्या खोलीत किंवा तंबूत शस्त्रक्रिया होत असत, डोळ्याला टाके असत, धूळ आणि माश्या असत, तेव्हा ती समजूत निराधार नव्हती. आता शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या बंदिस्त शस्त्रक्रियागृहातच करायच्या असतात आणि तिथे ऋतूचा संबंध उरत नाही. मग ऊसतोडीच्या पट्ट्यात, म्हणजे बीड, धाराशिव, परभणी आणि जालन्याच्या ज्या भागांतून टोळ्या जातात तिथे, पौषात शिबिर घेणे म्हणजे सांभाळणारे माणूस घरात नसताना म्हाताऱ्यांना चला म्हणणे होय. शस्त्रक्रियेनंतर महिना-सव्वा महिना दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागतात. ते कोण घालणार? चूल कोण पेटवणार, पाणी कोण भरणार? तुमच्या भागासाठी योग्य काळ पाडव्यापासून मृगापर्यंतचा आहे. मुलगा-सून घरी असतात आणि पेरणी लागलेली नसते. पाण्याची ओढ याच दिवसांत असते हे खरे, म्हणून घागर उचलण्याचे काम म्हातारीकडे येणार नाही, एवढे मात्र घरच्यांकडून आधी कबूल करून घ्या.

संध्याकाळी परत आलेल्या ५ जणांचे कारण तुम्ही लिहिलेले नाही, पण मी अंदाज करू शकतो. रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली असेल, नाही तर डोळ्याच्या कोपऱ्यातून पू येत असेल. अशा स्थितीत शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच योग्य असते. चूक होते ती पुढे. माणूस घरी येतो, "मला नको म्हणाले" असे सांगतो आणि पुन्हा कधीच जात नाही. हे टाळायला फार काही लागत नाही. जाण्याच्या पंधरा दिवस आधी उपकेंद्रात प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, वाढलेली असेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या चालू करून द्याव्यात आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात आम्ही हे नेमाने करू लागलो आणि परत येणाऱ्यांची संख्या डोळ्यांदेखत कमी झाली.

यादी करण्याची रीत सांगतो. सहा मीटर लांबीची दोरी घ्या, दोन्ही टोकांना गाठ मारा. एका गाठीवर माणूस उभा करा, दुसऱ्या गाठीवर ई अक्षराचा तक्ता धरा आणि एकेक डोळा तळहाताने झाकून वेगळा तपासा. बोटांनी झाकू देऊ नका, फटीतून दिसते. तक्ता आणि तो वाचण्याची पद्धत तुम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळेल. ज्याला ठरलेली ओळ दिसत नाही त्याच्यासमोर टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र पाडलेला काळा पुठ्ठा धरा. छिद्रातून स्पष्ट दिसू लागले तर बहुधा नंबरचा प्रश्न आहे, चष्म्याने भागेल. तरीही दिसले नाही तर मोतीबिंदू किंवा आतला आजार असू शकतो, त्याला डॉक्टरांनीच पाहिले पाहिजे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला जवळचेही विचारा. गोधडी, निवडण-टिपण, खताच्या पिशवीवरची अक्षरे या सगळ्यांना जवळची नजर लागते. आसामच्या चहामळ्यांतील कामगारांना जवळचा चष्मा दिला तेव्हा त्यांची तोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत पाचव्या हिश्शाहून अधिक वाढली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्या बायकांच्या बाबतीत हा विचार कोणी करत नाही, ही मला नोकरीभर टोचत आलेली गोष्ट आहे.

आणखी एक. आधी शस्त्रक्रिया झालेल्यांनाही यादीत घ्या. "ऑपरेशन फेल गेले" असे म्हणणाऱ्या पुष्कळांना फक्त चष्मा मिळालेला नसतो, किंवा भिंगामागच्या पातळ आवरणावर पुन्हा धूसरपणा आलेला असतो, जो लेझरने काही मिनिटांत मोकळा करता येतो. अशी एक म्हातारी गल्लीत बसून "मला काही दिसंना" म्हणत राहिली की त्या गल्लीतून दुसरे कोणी तयार होत नाही.

विश्वास मुळातच नाही असे मात्र समजू नका. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव आमच्याकडे घरोघरी माहीत आहे आणि डोळा पुन्हा मिळतो हे लोकांनी पाहिलेले आहे. तुम्हाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. जालन्याचे श्री गणपती नेत्रालय आणि उदगीरचे उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय ही मराठवाड्यातील जुनी सेवाभावी ठिकाणे आहेत. कोठेही जा, पण यादीची एक प्रत गावातच राहू द्या आणि प्रत्येक नावापुढे "गेले, परत आले, का परत आले" हे लिहीत जा.

नेत्रशल्यचिकित्सक, नांदेड

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त उसाच्या पातीविषयी लिहितो, कारण बुबुळाच्या आजारांवर काम करताना दर हंगामात हेच रुग्ण माझ्यासमोर येतात आणि ते जवळजवळ नेहमी उशिरा आलेले असतात.

उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. तिने बुबुळावर ओरखडा उठतो तेव्हा तो इतका बारीक असतो की माणूस डोळा चोळून कामाला लागतो. पण पात्यावर, पाचटावर आणि मातीत बुरशी असते आणि ती त्या ओरखड्यातून आत शिरते. जिवाणूंचा संसर्ग एक-दोन दिवसांत भडकतो. बुरशीचा हळूहळू, आठवड्याभराने रंग दाखवतो, आणि म्हणूनच फसवतो. याच काळात दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉईड असेल, म्हणजे डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव बाटलीवर असेल, तर लाली आणि वेदना कमी होतात, रुग्णाला बरे वाटते आणि आत बुरशी मोकाट वाढते. त्या तरुणाच्या बाबतीत नेमके काय घडले हे त्याचे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, परंतु पंधरा दिवस थेंब आणि शेवटी फूल हा क्रम मला फार ओळखीचा आहे. बुरशीच्या व्रणाला नॅटामायसिनसारखे वेगळे औषध तासातासाने, आठवडेच्या आठवडे घालावे लागते, आणि व्रण भरला तरी बुबुळाच्या मध्यावर वण राहिला तर नेत्ररोपणाशिवाय मार्ग उरत नाही. पन्नाशीच्या आतल्या अंधत्वात आपल्या देशात बुबुळाच्या आजारांचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणातून दिसले. मोतीबिंदूचा रुग्ण सहा महिने थांबला तरी बहुधा त्याला नजर देता येते. पात लागलेला माणूस सहा दिवस थांबला तरी डोळा हातचा जाऊ शकतो.

पहिल्या दिवशी काय करावे, याचे उत्तर सुदैवाने साधे आहे. डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याची धार धरून तो धुवावा. कसपट किंवा कुसळ रुतलेले असेल तर ते स्वतः काढू नये आणि जिभेने काढणाऱ्या बाईकडे तर मुळीच जाऊ नये, कारण तोंडातले जंतू थेट जखमेत जातात. मध, तूप, अंगावरचे दूध, झाडपाल्याचा रस यांतले काहीही घालू नये. डोळा घट्ट बांधू नये. नेपाळमधील भक्तपूर येथे गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बुबुळावर ओरखडा आलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्क्याचे मलम दिवसातून ३ वेळा, ३ दिवस लावले. ज्यांना इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ते मिळाले त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नोंदले आहे. हे मलम स्वस्त आहे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, कोणाला कधी लावायचे हे शिकवून, ते प्रत्येक टोळीबरोबर देता येईल का, याचा विचार दसऱ्याआधी व्हावा. मलम लावूनही दुसऱ्या दिवशी डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्या दिवशीच नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागेल.

कोयत्याची लेक

माझे आईवडील २२ हंगाम तोडीला गेले आणि मी दहा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याबरोबर फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहिले आहे. आता मी वडवणी तालुक्यात आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले सर्व खरे आहे, पण "त्या दिवशीच नेत्रतज्ज्ञाकडे जावे" हे वाक्य फडात कसे ऐकू येते, ते सांगणे मला आवश्यक वाटते.

मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि एक कोयता म्हणजे नवराबायको दोघे मिळून धरलेले असतात. त्यांतल्या एकाने काम थांबवले तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंडाची रक्कम उचलीच्या हिशेबात चढते. गाडी भरायची वेळ पहाटेची असो की मध्यरात्रीची, ती भरावीच लागते, आणि अंधारात बॅटरीच्या उजेडात मोळ्या उचलताना पात डोळ्याला लागण्याची भीती सर्वांत जास्त असते. माझ्या आईच्या डोळ्याला अशीच रात्री पात लागली होती. तिने पदराची घडी करून तिच्यावर तोंडाची वाफ दिली, डोळ्यावर दाबली आणि पुढची मोळी डोक्यावर घेतली. तिचा डोळा वाचला तो नशिबाने. दवाखान्यात जाण्याचे नावही त्या रात्री कोणी काढले नाही.

म्हणून मलम टोळीतच असले पाहिजे, आणि ते मुकादमाच्या खिशात न राहता टोळीतल्या एखाद्या वाचता येणाऱ्या बाईकडे असावे, असे मला वाटते. बाई दुसऱ्या बाईला दुखणे सांगते. मुकादमाला सांगत नाही. गावाहून निघण्याआधी प्रत्येक कोयत्याला दोन साधे पारदर्शक चष्मे द्यावेत, हेही आम्ही आमच्याकडे करून पाहिले. घामाने काच धूसर होते म्हणून दुपारी लोक ते काढून ठेवतात, पण पहाटे आणि रात्री गाडी भरताना वापरतात, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. डोळ्याला लागलेल्या माणसाचा खाडा धरू नये, ही गोष्ट मात्र गावाने मुकादमांना एकत्र बसवून, उचल देण्याघेण्याच्या वेळीच बोलून घ्यावी. एकदा टोळी फडावर गेली की हे बोलणे होत नाही.

ताई, तुमच्या शेजारच्या आजींच्या नातवावरून मुलांविषयीही लिहावेसे वाटते. मागे राहिलेल्या काय किंवा फडावर नेलेल्या काय, मुलांच्या डोळ्यांकडे कोणाचेच लक्ष नसते. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात आणि पुढचे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण ९ डोस द्यायचे असतात. आईबाबांबरोबर फडावर गेलेल्या लहान मुलांचे हिवाळ्यातले डोस हमखास चुकतात. परत आल्यावर ती मुले मी आधी शोधते. तुमच्या अंगणवाडीच्या ताईंना हे एकदा तपासायला सांगा.

माळावरची शाळा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. मध्ये पाडवा झाला आणि टोळ्या गावात परतल्या.

आमच्या गावच्या आशाताई, अंगणवाडीताई आणि मी अशा तिघींनी दोरी घेऊन वस्तीनुसार जायला सुरुवात केली. आतापर्यंत ७० घरे झाली. शिबिराच्या यादीत नसलेली, पण हाताला धरल्याशिवाय उंबरठा न ओलांडणारी ४ माणसे आम्हाला सापडली. त्यांतली एक बाई माजघरात बसून होती आणि ती त्या घरात राहते हेच मला सहा वर्षांत माहीत नव्हते. शस्त्रक्रिया होऊनही दिसत नाही म्हणणारे तिघे निघाले. एकाच्या डोळ्यावर दहा महिन्यांपूर्वी दिलेला काळा चष्मा अजून तसाच होता. सहावीतल्या एका मुलाला आम्ही सगळे आळशी समजत होतो. छिद्राचा पुठ्ठा डोळ्यासमोर धरल्यावर त्याने तक्त्याची खालून दुसरी ओळ वाचली. त्याला मी दोन वर्षे फळ्यावरचे उतरवून घेत नाही म्हणून रागावत आले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, पण त्या दिवशी हा मुलगा गैरहजर होता, असे नोंदवहीत दिसते. गैरहजर मुलांची तपासणी पुन्हा करून घेण्याचे काम आता मी माझ्याकडे घेतले आहे.

एक प्रश्न उरला आहे. एका साठीच्या गृहस्थांना काचबिंदू आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले आहे. त्यांच्या घरी गेल्यावर आम्ही काय बोलावे, हेच आम्हाला सुचले नाही. यादीत त्यांच्या नावापुढे काय लिहावे?

परभणीकर

ताई, माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूनेच गेली, म्हणून लिहितो. काचबिंदूत डोळ्याची नस वाळत जाते आणि गेलेली नजर परत मिळत नाही, पण उरलेली नजर थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने सांभाळता येते, म्हणून औषध बंद करू नका, हे त्यांना सांगायलाच हवे. "आता काय उपयोग" म्हणून माझ्या वडिलांनी थेंब सोडले आणि दुसरा डोळाही गमावला. त्यांच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी तुम्ही आवर्जून करून घ्या. काचबिंदू घराण्यात उतरू शकतो आणि सुरुवातीला तो दुखत नाही, लालही होत नाही. वडिलांच्या निमित्ताने माझ्या काकांना तो वेळेत सापडला आणि ते आजही स्वतः बाजार करतात.

दृष्टिदोष ४० टक्के किंवा अधिक ठरला तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. त्यासाठी अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि तपासणीसाठी मंडळापुढे जावे लागते. गावातल्या एखाद्या मुलाने मोबाइलवरून अर्ज भरून दिला आणि एक माणूस सोबत गेला तर काम होते. एकट्या माणसाकडून ते होत नाही. बोलण्याविषयी म्हणाल तर माझ्या वडिलांना सर्वांत जास्त दुःख याचे होते की, लोक त्यांच्याशी बोलायचे सोडून आईला विचारत, "यांना चहा चालतो का?" अंगणातून मोरीपर्यंत आम्ही सुतळी बांधून दिली, घरातल्या वस्तूंच्या जागा ठरवून टाकल्या आणि पांढरी काठी आणली, तेव्हा त्यांनी शेळ्यांचे काम पुन्हा हाती घेतले. तुमच्या यादीत त्यांच्या नावापुढे "थेंब चालू आहेत का" आणि "घराबाहेर पडतात का" असे दोन रकाने करा आणि दर महिन्याला भरा.

माळावरची शाळा

दोन्ही रकाने आजच वहीत आखले. त्यांच्या धाकट्या भावाला येत्या फेरीत तपासणीसाठी नेतो आहोत.

पहिली ११ माणसे गुरुवारी अंबाजोगाईला जाणार आहेत. सर्वांचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात दोनदा पाहिली. आणखी दोघांची साखर अजून जास्त आहे म्हणून त्यांना पंधरा दिवसांनंतरच्या फेरीत ठेवले आहे आणि तसे त्यांच्या घरी जाऊन सांगितले आहे. माजघरातल्या बाईंबरोबर त्यांची सून जाईल. आजींबरोबर त्यांचा मुलगा जाईल, आणि सून घरी आहे म्हणून नातू त्या दिवशी शाळेत येईल. थेंबांच्या वेळा मी मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या आहेत. तो कागद आजींनी दिनदर्शिकेशेजारी लावून घेतला आहे. टोळ्यांच्या मुकादमांची बैठक श्रावणात ठेवायची, असे ग्रामसभेत ठरले आहे. कोयत्याची लेक ताई, त्या बैठकीला तुम्ही आलात तर फार बरे होईल. धारूरहून आमच्या गावाला दुपारी एकची एसटी आहे.